रायफल हातात होती, गोळ्या पाऊचमध्ये होत्या.. बैरुतच्या त्या सकाळनंतर परदेशातली फौज सांभाळायचं गणितच बदललं

२३ ऑक्टोबर १९८३. वार रविवार. ठिकाण, लेबनॉनची राजधानी बैरुत.

विमानतळाच्या आवारात एक चार मजली काँक्रीटची इमारत होती. आत साधारण ३५० अमेरिकन सैनिक, त्यातले बहुतेक मरीन्स. रविवार असल्याने लवकर उठायची घाई नव्हती. सहा वाजून २२ मिनिटं झाली तेव्हा बहुतेक जण झोपेतच होते.

तेवढ्यात एक पिवळा मर्सिडीज ट्रक बाहेरच्या पार्किंगमध्ये शिरला. त्याने एक चक्कर मारली, वेग घेतला, काटेरी तारांची भेंडोळी चिरडली आणि दोन पहारा चौक्यांच्या मधून थेट इमारतीकडे निघाला.

चौकीवरच्या जवानांच्या हातात रायफली होत्या. गोळ्याही होत्या. फक्त त्या रायफलमध्ये नव्हत्या, अंगावरच्या पाऊचमध्ये होत्या. तसा हुकूमच होता. मॅगझिन काढा, लावा, खटका ओढा, नेम धरा.. एवढं होईपर्यंत ट्रक इमारतीच्या दारातून आत घुसला होता. एका पहारेकऱ्याने नंतर सांगितलं की ड्रायव्हर हसत होता.

स्फोट एवढा मोठा होता की अख्खी इमारत पायापासून उचलली गेली आणि जागेवर बसली. २४१ अमेरिकन गेले. त्यात २२० मरीन्स, १८ नौसैनिक आणि ३ लष्कराचे जवान. काही मिनिटांच्या फरकाने बैरुतमध्येच फ्रेंच सैनिकांच्या इमारतीवर दुसरा हल्ला झाला आणि तिथे ५८ फ्रेंच पॅराट्रूपर्स गेले.

यातला एकही जण लढाईत गेला नव्हता. आणि विषय इथूनच सुरू होतो.

सैन्याच्या भाषेत याला ‘फोर्स प्रोटेक्शन’ म्हणतात. म्हणजे शत्रूला हरवणं नाही, तर आपली माणसं, तळ, जहाजं, गाड्या हल्ल्यापासून वाचवणं. ऐकायला हे वॉचमनचं काम वाटतं. पण गेल्या ४० वर्षांत मोठमोठ्या सैन्यांना जे धक्के बसले, त्यातले बरेच रणांगणावर नाही, तर झोपायच्या खोलीत, जेवायच्या मेसमध्ये आणि तेल भरायला थांबलेल्या जहाजावर बसले.

आता पहिला प्रश्न. मॅगझिन न लावायचा हुकूम कुणी आणि का दिला?

तर हे मरीन्स तिथे युद्ध करायला गेलेच नव्हते. लेबनॉनमध्ये १९७५ पासून यादवी चालू होती. १९८२ मध्ये इस्रायल आत घुसला, मग नव्याने निवडून आलेल्या बशीर जमायेल यांची हत्या झाली, साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी वस्त्यांमध्ये हत्याकांड झालं. त्यानंतर अमेरिका, फ्रान्स, इटली यांनी शांतता टिकवायला म्हणून सैन्य पाठवलं, पुढे ब्रिटननेही छोटी तुकडी दिली. मरीन्सचं काम एका शब्दात सांगितलं होतं, ‘प्रेझेन्स’. म्हणजे नुसतं तिथे दिसायचं. लोकांना धीर वाटला पाहिजे, आपण कुणाच्या बाजूचे वाटता कामा नये.

विमानतळ चालू होता. प्रवासी, टॅक्सी, मालाचे ट्रक सगळं रोजचंच. अशा ठिकाणी एखाद्या विशीतल्या पोराच्या हातून चुकून गोळी सुटली आणि सामान्य माणूस मेला तर? म्हणून आतल्या चौक्यांवर रिकाम्या रायफली.

तेव्हाच्या परिस्थितीत हा हुकूम वेडेपणाचा नव्हता. पण परिस्थिती बदलली आणि हुकूम तसाच राहिला. १८ एप्रिल १९८३ ला बैरुतमधल्या अमेरिकन दूतावासावर गाडीबॉम्बचा हल्ला होऊन ६३ लोक गेले होते. सप्टेंबरमध्ये अमेरिकन युद्धनौकांनी लेबनॉनच्या सरकारी सैन्याच्या मदतीला डोंगरावर तोफा डागल्या. आपण अजूनही तटस्थ आहोत असं अमेरिकेला वाटत होतं. डोंगरावर ज्यांच्या अंगावर गोळे पडले, त्यांना तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

दूतावासाच्या हल्ल्यानंतर नियम बदलले, पण फक्त दूतावासाबाहेर उभ्या असणाऱ्या मरीन्ससाठी. त्यांना निळं कार्ड मिळालं, ज्यात संशयास्पद गाडीवर गोळी चालवायची मोकळीक जास्त होती. विमानतळावरच्यांकडे जुनंच पांढरं कार्ड राहिलं. एकाच शहरात, एकाच तुकडीच्या जवानांना, एकाच शत्रूसाठी दोन वेगळे नियम.

हल्ल्यानंतर निवृत्त ॲडमिरल रॉबर्ट लाँग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्यांनी डिसेंबरमध्ये अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट आजही वाचताना टोचते. मे ते नोव्हेंबर १९८३ या काळात गाडीबॉम्बच्या हल्ल्याचे १०० हून जास्त इशारे आले होते. रोज कुठलातरी रंग, कुठलातरी नंबर, कुठलीतरी तारीख. एवढे इशारे आले की त्यातला खरा कुठला हे कळायची सोयच राहिली नाही. माहिती कमी असणं जेवढं वाईट, तेवढंच नुसता ढीग असणंही वाईट.

पण आयोगाने दाखवून दिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. एवढी माणसं एकाच इमारतीत का ठेवली होती?

कारण ती इमारत मजबूत होती! डोंगरावरून तोफगोळे आणि गोळ्या येत होत्या, तंबूत झोपणं धोक्याचं होतं. त्या काँक्रीटने आधी बराच मार खाल्ला होता आणि ती उभी होती. म्हणून कमांडरने माणसं वाचवायला त्यांना आत घेतलं. तोफेपासून वाचायला जी जागा सगळ्यात चांगली होती, तीच ट्रकबॉम्बसाठी सगळ्यात वाईट ठरली.

फोर्स प्रोटेक्शनचं सगळं दुखणं या एका इमारतीत सापडतं. आपण कालच्या हल्ल्यापासून वाचायची तयारी करतो, आणि समोरचा तीच तयारी बघून उद्याचा हल्ला ठरवतो.

फेब्रुवारी १९८४ मध्ये मरीन्स बैरुतमधून निघून गेले. एका ट्रकने एका महासत्तेचं धोरण बदललं, हे जगभरातल्या सगळ्या संघटनांनी नीट बघून ठेवलं.

बैरुतवरून अमेरिकेने पहिला धडा घेतला तो अंतराचा. स्फोटाचा दाब अंतराबरोबर फार झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट केलं तर दाब निम्मा होत नाही, तर त्याच्या कितीतरी खाली, ढोबळमानाने एक अष्टमांशावर येतो. त्यामुळे भिंत जाड करण्यापेक्षा गाडी लांब थांबवणं स्वस्त आणि खात्रीचं. १९८५ मध्ये अमेरिकन दूतावासांसाठी १०० फूट अंतराचा नियम सुचवला गेला तो यामुळेच.

पण स्वतःच्या देशात अंतर मिळवायचं तर जमीन ताब्यात घ्यायची आणि कुंपण पुढे सरकवायचं. दुसऱ्याच्या देशात कुंपणाबाहेरची एक इंचही जमीन तुमची नसते. तिथे यजमान म्हणेल तसं.

सौदी अरेबियातल्या धहरानजवळच्या खोबर टॉवर्समध्ये हेच झालं. अमेरिकन हवाई दलाचे लोक तिथे आठ मजली इमारतीत राहत होते. कुंपण इमारतीपासून जेमतेम ८० फुटांवर, आणि त्याच्या पलीकडे सार्वजनिक पार्किंग. कुंपण मागे सरकवू द्या अशी विनंती सौदी अधिकाऱ्यांकडे झाली होती. ते झालं नाही. खिडक्यांच्या काचांना फिल्म चिकटवायचं काम पुढच्या बजेटवर ढकललं होतं.

२५ जून १९९६ च्या रात्री मैला वाहून नेणारा एक टँकर त्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. त्यातली माणसं उतरली आणि दुसऱ्या गाडीत बसून सुसाट निघून गेली. गच्चीवर पहाऱ्याला असलेल्या सार्जंटने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. इमारतीत भोंगा नव्हता. मग त्याने आणि सोबतच्यांनी वरच्या मजल्यापासून दारं बडवायला सुरुवात केली. जो उठला त्याने खालच्या मजल्यावरची दारं बडवायची, तिथल्यांनी त्याच्या खालची. फार तर तीन-चार मिनिटं मिळाली असतील.

१९ जण गेले, शेकडो जखमी झाले. बहुतेक जखमा काचांच्या होत्या. पण इमारत बैरुतसारखी बसली नाही. कुंपणाशी लावलेल्या काँक्रीटच्या अडथळ्यांनी स्फोटाचा काही जोर वर उडवला आणि जिन्यात पोहोचलेले कितीतरी जण वाचले. म्हणजे १९८३ चा धडा अर्धा शिकला होता, आणि त्या अर्ध्यामुळेच आकडा २४१ वर गेला नाही.

शिक्षा मात्र तळाच्या कमांडरला झाली, त्याची बढती रोखली गेली. तो दोषी होता की नाही यावर अमेरिकेत अनेक वर्षं वाद चालला. या कामात हा एक मोठा त्रास आहे. न झालेल्या हल्ल्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. शंभर रात्री नीट गेल्या तर लोक विचारतात, एवढा पहारा कशाला? एकशे एकाव्या रात्री काही झालं तर विचारतात, पहारा कुठे होता?

यानंतर अमेरिकेने सौदीतलं बरंचसं सैन्य शहरापासून दूर वाळवंटातल्या प्रिन्स सुलतान तळावर हलवलं. जमिनीवरचं दार बंद झालं.

मग समोरचे पाण्यातून आले.

१२ ऑक्टोबर २०००. येमेनच्या एडन बंदरात ‘यूएसएस कोल’ ही विनाशिका तेल भरायला थांबली होती. शेकडो किलोमीटरवरचं विमान आणि क्षेपणास्त्र पकडणारा रडार, अब्जावधी रुपयांचं जहाज. बंदरात लहान बोटींची ये-जा चालूच होती, कुणी दोर बांधायला, कुणी कचरा न्यायला. त्यातलीच एक वाटावी अशी एक छोटी बोट जवळ आली. आतली दोन माणसं शांत होती. बोट जहाजाला टेकली आणि पोलादाला सुमारे ४० फुटांचं भगदाड पडलं. १७ नौसैनिक गेले.

इथेही पहारेकरी होते, आणि समोरून हल्ला झाल्याशिवाय गोळी न चालवायचा नियमही होता. बैरुतनंतर १७ वर्षांनी! बरं, त्याच वर्षी जानेवारीत त्याच बंदरात ‘यूएसएस द सुलिव्हन्स’ या जहाजावर असाच प्रयत्न झाला होता. स्फोटकं जास्त भरल्यामुळे ती बोट आधीच बुडाली, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

आता जरा दुसरीकडे जाऊ, कारण एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

घाटरस्त्यांच्या कडेला तारेच्या जाळीत दगड भरून उभ्या केलेल्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. त्याला गॅबियन म्हणतात. इंग्लंडमधल्या लीड्सचा जिमी हेसल्डन हा कोळशाच्या खाणीतला कामगार. नोकरी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून त्याने धंदा टाकला आणि याच गॅबियनला आतून कापडाचं अस्तर लावून घडी होणारी पेटी बनवली. कल्पना होती पूर आणि जमिनीची धूप अडवायची. पेटी उघडायची, माती किंवा वाळू भरायची, झाली भिंत तयार.

सैन्याने ते पाहिलं आणि उचललं. इराक-अफगाणिस्तानच्या फोटोंत तळाभोवती दिसणाऱ्या त्या मातकट भिंती म्हणजे हेच ‘हेस्को’. जिथे जाल तिथली माती वापरायची, काँक्रीट वाहून न्यायचं कामच नाही. या भिंतींनी किती जणांचे जीव वाचवले याचा हिशेब कुणी लावू शकणार नाही. हेसल्डन पुढे दोन चाकी सेगवे बनवणाऱ्या कंपनीचा मालक झाला आणि २०१० मध्ये सेगवेवरूनच कड्यावरून खाली पडून वारला. नियती पण काय असते बघा.

इराकमध्ये भिंती चालल्या, म्हणून समोरच्यांनी रस्ते पकडले. रस्त्याकडेला पुरलेले आयईडी. मग अमेरिकेने तळाचा आकार इंग्रजी ‘व्ही’सारखा असलेल्या उंच, जड गाड्या आणल्या. स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो आणि आतला माणूस वाचतो. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेने आधीच वापरली होती. त्यांची कॅस्पिर गाडी आपल्या सैन्याने काश्मीरमध्येही वापरली आहे.

पण आता खरी पंचाईत सुरू झाली. गाडी एवढी जड आणि उंच की गल्लीत शिरत नाही. शिरली तरी आतला जवान हेल्मेट, काळा चष्मा, जाड जॅकेट घालून काचेआड बसलेला. बाहेर उभ्या माणसाला तो कसा दिसणार? परग्रहावरून आल्यासारखा. आणि आयईडी कुणी पुरला हे तर त्या गल्लीतल्या माणसालाच माहीत असतं. त्याच्याशी बोलणं तुटलं की पुढचा स्फोट ठरलेला.

२००६ च्या शेवटी अमेरिकन लष्कराने बंडखोरांशी लढायची नवी पुस्तिका काढली, जनरल डेव्हिड पेट्रेयस त्यामागचं मोठं नाव. त्यात हा उलटा न्याय सरळ लिहिला होता. फौजेला जास्तच कोंडून सुरक्षित ठेवायला गेलात, तर ती कमी सुरक्षित होऊ शकते. पुढच्या वर्षी बगदादमध्ये मोठ्या तळांवरचे सैनिक मोहल्ल्यांमधल्या छोट्या चौक्यांवर राहायला गेले. सुरुवातीच्या महिन्यांत मृत्यू वाढले, नंतर हिंसाचार उतरला. उतरण्याची इतरही कारणं होती, सुन्नी टोळ्यांनी बाजू बदलली हे त्यातलं मोठं.

मग चिलखत टाकून द्यावं का? तर तसंही नाही. ब्रिटिशांनी दक्षिण इराकमध्ये सुरुवातीला हेल्मेट काढून साध्या टोप्या घालून गस्त घातली. उत्तर आयर्लंडचा अनुभव आहे, लोकांशी कसं वागायचं आम्हाला कळतं, असा त्यांचा सूर होता. जून २००३ मध्ये माजर अल-कबीर गावात संतापलेल्या जमावाने पोलिस ठाण्यात सहा ब्रिटिश मिलिटरी पोलिसांना मारलं. पुढे पातळ पत्र्याच्या ‘स्नॅच’ लँड रोव्हरमध्ये आयईडीने एवढे जवान गेले की सैनिक तिला चालती शवपेटी म्हणू लागले. त्या गाड्या बदलायला झालेल्या उशिरावर २०१६ च्या चिल्कॉट अहवालात ताशेरे आहेत.

म्हणजे चिलखत घातलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. किती घालायचं आणि कधी काढायचं हे त्या त्या गल्लीवर ठरतं, आणि ठरवणारा बऱ्याचदा पंचविशीतला लेफ्टनंट असतो.

पहारा फुकटही मिळत नाही. टॉवरवर उभा असलेला प्रत्येक जण गस्तीवरून कमी झालेला असतो. अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियन या अवाढव्य तळावर १४ सप्टेंबर २०१२ ला १५ तालिबानी अमेरिकन गणवेश घालून, तार कापून आत शिरले. त्या रात्री निम्म्याहून जास्त टॉवर रिकामे होते. दोन मरीन्स गेले, सहा हॅरियर विमानं जळाली आणि वर्षभराने दोन जनरलना घरी बसवलं गेलं.

हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर सर्वाधिक जीव गमावलेला देश भारत आहे. आकडा १८० च्या आसपास.

आणि शांतिसैनिकाचं दुखणं बैरुतच्या मरीन्ससारखंच असतं. निळं हेल्मेट, पांढरी गाडी, म्हणजे लांबून दिसावं हीच अपेक्षा. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात गुमुरुकजवळ एका ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला. ताफ्याला संरक्षण देणारे ५ भारतीय जवान गेले, सोबतचे ७ नागरिकही. जुलै २०२२ मध्ये काँगोतल्या बुटेम्बोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तळावर जमाव चालून आला, त्यात बीएसएफचे दोन जवान गेले. ज्यांच्या रक्षणासाठी शांतिसेना गेली, त्याच गावातल्या जमावावर गोळी चालवायची का, हा प्रश्न काही सेकंदांत सोडवायचा असतो.

२०१७ मध्ये ब्राझीलचे निवृत्त जनरल सांतोस क्रूझ यांनी यावर संयुक्त राष्ट्रांना अहवाल दिला. तो बराच रोखठोक आहे. निळा झेंडा आता आपोआप संरक्षण देत नाही, आणि तळात बसून राहणाऱ्या तुकड्याच जास्त मार खातात, असं त्यात म्हटलंय. पुढाकार घ्या, रात्री बाहेर पडा, हल्लेखोराला आधी गाठा. काही देशांना हे पटलं नाही, कारण मग शांतिसेना आणि युद्ध यातला फरक राहतो कुठे? माझ्या मते हा आक्षेप चुकीचा नाही, पण त्याला दुसरं उत्तरही अजून कुणी दिलेलं नाही.

एक दार आपण स्वतःच्या खिशातून उघडं टाकतो. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या धावणाऱ्यांच्या वाटांचा चमकता नकाशा टाकला. जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया, अफगाणिस्तानच्या अंधारात काही चौकोन लख्ख चमकतायत. तळाच्या कुंपणाच्या आतून सैनिक रोज सकाळी धावत होते! आपल्या सैन्यानेही २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं होतं.

आणि आता ड्रोन. बैरुतपासून शिकलेलं सगळं जमिनीवरचं होतं. गाडी लांब थांबवा, भिंत घाला, काच सांभाळा. ड्रोनला भिंत वरून ओलांडता येते आणि तो काही हजार डॉलरमध्ये तयार होतो. त्याला पाडायला कधीकधी लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र लागतं.

जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल-असद तळावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा आधी कुणकुण लागली होती. माणसं पांगवली, बंकरमध्ये घातली. एकही गेला नाही, पण १०० हून जास्त जणांच्या मेंदूला स्फोटाच्या दाबाने इजा झाली. चार वर्षांनी, २८ जानेवारी २०२४ ला, जॉर्डनमधल्या ‘टॉवर २२’ या छोट्या तळावर एक ड्रोन येऊन आदळला. तीन अमेरिकन सैनिक गेले, ४० हून जास्त जखमी झाले.

तो राहायच्या खोल्यांवर पडला. पहाटे, सगळे झोपेत असताना.